सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांतील तक्ते एकसारखे कसे ठेवावेत

एका प्रकल्पात मी तांत्रिक लेखनाचे काम पाहत होतो. सर्व्हरच्या सेटिंगविषयीच्या पानावर टाइमआउटपुढे ३० हा आकडा होता आणि स्तंभाच्या शीर्षकातच ‘सेकंद’ असे लिहिलेले होते. क्लायंटच्या पानावर त्याच नावाच्या पॅरामीटरपुढे ३०००० होते आणि एकक कुठेच नव्हते, कारण तो तक्ता करणाऱ्याने मिलिसेकंद गृहीत धरले होते. ग्राहकाकडच्या एका अभियंत्याने पहिल्या पानावरचा ३० दुसऱ्या ठिकाणी टाकला. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जोडणी तुटू लागली आणि दोन दिवस सगळे नेटवर्कला दोष देत बसले. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर होते, पण ते एकमेकांशी जुळत नव्हते.

तक्त्यांच्या एकसारखेपणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा रेघांवर, रंगांवर आणि मूळ फाइलमधील पाइपच्या (|) चिन्हांवर जाते. ती बाजू सोपी आहे, कारण तिच्यासाठी साधने तयार आहेत आणि ती न थकता काम करतात. कोणत्या तक्त्यात कोणते स्तंभ असतील, ते कोणत्या क्रमाने येतील आणि सेलमध्ये काय लिहायचे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. म्हणून कामाची सुरुवात तिथून करावी, असा माझा आग्रह आहे.

आधी असलेले तक्ते गोळा करावेत

नियम लिहायला बसण्याआधी आपल्याकडे काय आहे ते पाहावे. मार्कडाउनमधील, म्हणजे साध्या मजकुरात चिन्हे टाकून पान मांडण्याच्या पद्धतीतील, प्रत्येक तक्त्यात शीर्षओळीच्या खाली डॅशांची एकच विभाजक ओळ असते. ती ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोधावी आणि सापडलेल्या प्रत्येक ओळीच्या आधीची एक ओळही दाखवायला सांगावी, म्हणजे सगळ्या रेपॉझिटरीतील (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यातील) शीर्षओळी एका यादीत हाती लागतात. ही यादी स्प्रेडशीटमध्ये टाकून अकारविल्हे लावली की घरातली सगळी अडगळ एकदम अंगणात आल्यासारखी दिसते. एका जागी ‘डीफॉल्ट’, दुसरीकडे ‘डिफॉल्ट’, तिसरीकडे ‘मूळ मूल्य’ आणि कोणा उत्साही भाषाप्रेमीने लिहिलेले ‘पूर्वनिर्धारित मूल्य’ अशी एकाच गोष्टीची चार नावे मी स्वतः अशा यादीत पाहिली आहेत. यांपैकी कोणता शब्द ठेवायचा यावर फार वाद घालू नये. वाचणारे लोक रोज बोलताना जो शब्द वापरतात तो ठेवावा आणि बाकीचे काढून टाकावेत.

याच वेळी जे तक्ते तक्ते असायलाच नकोत तेही बाजूला काढावेत. एकाच स्तंभाचा तक्ता म्हणजे यादी असते. ज्या तक्त्यात प्रत्येक सेलमध्ये चार-चार वाक्ये आहेत, तो बहुतेक वेळा उपशीर्षकांखाली लिहिलेल्या परिच्छेदांत अधिक चांगला वाचला जातो.

प्रकार ठरवावेत आणि प्रत्येकाचे स्तंभ बांधून टाकावेत

उरलेल्या तक्त्यांचे बहुधा चार-पाचच प्रकार निघतात: सेटिंगमधील पॅरामीटर, कमांडचे पर्याय, त्रुटींचे कोड, आणि कोणती आवृत्ती कोणत्या प्लॅटफॉर्मवर चालते हे सांगणारा सुसंगततेचा तक्ता. प्रत्येक प्रकारासाठी स्तंभांची नावे आणि त्यांचा क्रम एकदाच ठरवून नमुना म्हणून शैलीपत्रिकेत ठेवावा. ओळीची ओळख पटवणारी गोष्ट, म्हणजे पॅरामीटरचे नाव किंवा त्रुटीचा कोड, नेहमी डावीकडच्या पहिल्या स्तंभात असावी. मायक्रोसॉफ्टची लेखनशैली मार्गदर्शिकाही हेच सांगते. वर्णन सर्वांत शेवटी असावे, कारण लांबी त्याचीच बदलते.

पॅरामीटरच्या तक्त्याचा आमचा नमुना असा होता:

| पॅरामीटर | प्रकार | एकक | डीफॉल्ट | वर्णन |
| --- | --- | --- | ---: | --- |
| जोडणी टाइमआउट | पूर्णांक | सेकंद | ३० | जोडणीसाठी थांबण्याचा कमाल वेळ |
| लॉगची पातळी | मजकूर | लागू नाही | माहिती | लॉगमध्ये नोंदवायच्या संदेशांची किमान पातळी |
| प्रॉक्सीचा पत्ता | मजकूर | लागू नाही | डीफॉल्ट नाही | बाहेरच्या नेटवर्कसाठी वापरायची प्रॉक्सी |

एकक स्वतंत्र स्तंभात आहे याकडे लक्ष द्यावे. पॅरामीटरच्या तक्त्यात प्रत्येक ओळीचे एकक वेगळे असू शकते, म्हणून त्याला स्वतःची जागा हवी. याउलट, चाचणीतील वेग दाखवणाऱ्या तक्त्यात संपूर्ण स्तंभाचे एकक एकच असते, तेव्हा ते शीर्षकात एकदा लिहावे आणि सेलमध्ये फक्त आकडे ठेवावेत. काही सेलमध्ये ‘३० सेकंद’ आणि काहींत नुसते ‘३०’ असा मधला मार्ग कोणत्याही प्रकारात चालवू नये.

ओळींचा क्रमही नियमात यावा. त्रुटींचे कोड अंकानुक्रमाने आणि कमांडचे पर्याय वर्णानुक्रमाने लावले की नवी ओळ कुठे घालायची हा प्रश्न उरत नाही. तसा नियम नसला की प्रत्येक जण आपली ओळ सर्वांत खाली चिकटवतो आणि वर्षभरात तक्ता म्हणजे कोणी काय केव्हा जोडले याची बखर होते.

सेलमध्ये काय लिहायचे

सर्वांत जास्त घोटाळा रिकाम्या सेलने होतो. रिकामा सेल पाहून वाचकाला तीन अर्थ लागू शकतात: या पॅरामीटरला डीफॉल्ट नाही, हा स्तंभ या ओळीला लागूच होत नाही, किंवा लिहिणारा भरायला विसरला. नुसता डॅश टाकल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. आमच्या मराठीत आणखी एक फट आहे. ‘डीफॉल्ट’ या स्तंभात ‘नाही’ असे लिहिले, तर मूल्यच दिलेले नाही असाही अर्थ होतो आणि हो-नाही प्रकारच्या पॅरामीटरचे मूल्य ‘नाही’ आहे असाही होतो. म्हणून मूल्य नसेल तिथे ‘डीफॉल्ट नाही’ आणि स्तंभ गैरलागू असेल तिथे ‘लागू नाही’ असे पूर्ण शब्द लिहावेत, आणि हो-नाही प्रकारात प्रोग्रॅम जे मूल्य प्रत्यक्ष स्वीकारतो तेच कोडच्या अक्षरांत द्यावे. डीफॉल्ट म्हणजे रिकामी स्ट्रिंग असेल, तर तसे शब्दांत सांगावे. दोन अवतरणचिन्हे शेजारी शेजारी ठेवली तर ती छापील पानावर डागासारखी दिसतात.

वर्णनाच्या स्तंभात व्याकरण एका घाटाचे असावे. ‘जोडणीसाठी थांबण्याचा कमाल वेळ’ हा नामपदाचा घाट आणि ‘जोडणीसाठी किती वेळ थांबायचे ते ठरवते’ हा क्रियापदाचा घाट, दोन्ही चालण्यासारखे आहेत, पण एकाच तक्त्यात ते आलटून पालटून आले की वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीवर पुन्हा जुळवून घ्यावे लागते. पॅरामीटर ही वस्तू असल्याने तिच्यासाठी नामपद आणि कमांड ही कृती असल्याने तिच्यासाठी ‘लॉग फाइल रिकामी करते’ असे क्रियापद, ही विभागणी मला सोयीची वाटते. पूर्णविरामाचा निर्णय स्तंभनिहाय घ्यावा: स्तंभात सगळीकडे वाक्यांश असतील तर पूर्णविराम नको, आणि एका जरी सेलमध्ये पूर्ण वाक्याची गरज असेल तर त्या स्तंभातले सगळेच सेल पूर्ण वाक्यांत लिहावेत.

मराठी दस्तऐवजांत अंकांचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात मराठीची नेहमीची अंकपद्धती देवनागरी आहे, तर हिंदीची इंग्रजी अंकांची (1, 2, 3) आहे. म्हणून ब्राउझरकडून मराठी लोकेलनुसार (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगनुसार) तयार करून घेतलेल्या तक्त्यात १०,००,००० असा आकडा येतो आणि त्याच पानावर हाताने टाइप केलेल्या तक्त्यात बहुधा इंग्रजी अंक असतात, तेही कधी कधी हजार-दशलक्षाच्या गटांत मोडलेले. आमचा नियम असा होता की वाचकाने संगणकात टाइप करायचे मूल्य प्रोग्रॅम ज्या अंकांत स्वीकारतो त्याच अंकांत, कोडच्या अक्षरांत आणि स्वल्पविरामाशिवाय द्यायचे, आणि केवळ वाचण्यासाठी असलेला आकडा देवनागरीत व लाखांच्या गटांत लिहायचा. या लेखातील नमुन्यात सगळेच देवनागरीत आहे ते केवळ वाचण्याच्या सोयीसाठी.

आकड्यांचे स्तंभ उजवीकडे आणि मजकुराचे डावीकडे संरेखित करावेत. मार्कडाउनमध्ये विभाजक ओळीतील डॅशांच्या शेवटी विसर्गासारखे दिसणारे कोलनचे चिन्ह दिले की स्तंभ उजवीकडे सरकतो. मजकूर मध्यभागी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण मग प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि डोळा खाली उतरताना अडखळतो.

मूळ फाइलमधील मांडणी

जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन प्रसिद्ध केले तेव्हा त्यात तक्त्यांसाठी चिन्हेच नव्हती. तक्ता हवा असेल तर एचटीएमएल लिहा, अशी अपेक्षा होती. पाइपचे तक्ते पुढे पीएचपी मार्कडाउन एक्स्ट्रासारख्या विस्तारांतून आले, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने आपल्या मार्कडाउनचे औपचारिक वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध केले त्यात ते आहेत, पण कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाणित रूपाच्या गाभ्यात ते आजही नाहीत. एका ठिकाणी नीट दिसणारा तक्ता दुसऱ्या साधनात नुसत्या पाइपांची रांग होऊन का दिसतो, याचे उत्तर या इतिहासात आहे. म्हणून आपली साधने कोणती बोली समजतात ते आधी पाहावे आणि तिच्या सर्वांत साध्या रूपाला धरून राहावे: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला व शेवटी पाइप, आणि तक्त्याच्या आधी व नंतर एक रिकामी ओळ.

यानंतर प्रश्न येतो तो मूळ फाइलमध्ये पाइप एकाखाली एक आणण्यासाठी मोकळ्या जागा भरायच्या की नाहीत याचा. भरलेला तक्ता एडिटरमध्ये सुबक दिसतो हे खरे. पण एका सेलमध्ये एक लांब शब्द आला की त्या स्तंभातल्या सगळ्या ओळींची रुंदी बदलते, आणि पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासायला पाठवण्याच्या विनंतीत) एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी चाळीस ओळी बदललेल्या दिसतात. तपासणाऱ्याला खरा बदल शोधावा लागतो, आणि दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील तर मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, विनाकारण भांडण होते. गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या डिफला, म्हणजे फरक दाखवणाऱ्या आज्ञेला, मोकळ्या जागा दुर्लक्षित करायला सांगता येते, पण मर्जचे भांडण त्याने मिटत नाही.

देवनागरी मजकुरासाठी तर हा सुबकपणा मुळातच हाती लागत नाही. ‘क्षमता’ हा शब्द पाहा. डोळ्याला तीन अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यात क, हलन्त, ष, म, त आणि काना अशी सहा चिन्हे आहेत. एखादे साधन सहा मोजते, दुसरे जोडचिन्हे वगळून त्याहून कमी मोजते, आणि एडिटरमधील फाँट जोडाक्षराला स्वतःच्या मर्जीने रुंदी देतो. साधनाने कितीही हिशोबाने जागा भरल्या तरी पडद्यावर पाइप नागमोडीच दिसतात. वरच्या नमुन्यासारखी, पाइपच्या दोन्ही बाजूंना एकेक मोकळी जागा देणारी आटोपशीर मांडणी मी मराठी मजकुरासाठी निःशंकपणे सुचवतो, आणि इंग्रजीसाठीही तिलाच माझे मत आहे. प्रेटियर हे साधन मात्र मार्कडाउनमधील तक्ते आपणहून जागा भरून संरेखित करते. ते वापरात असेल तर एक तर त्याच्या मांडणीला सगळ्यांनी मान्यता द्यावी किंवा तक्त्याच्या आधी त्याला वगळण्याची टिप्पणी लिहावी. अर्धे तक्ते त्याच्या हातचे आणि अर्धे आपल्या, असे होऊ देऊ नये.

सेलच्या मजकुरातच पाइप आला तर काय होते, ते एकदा मुद्दाम करून पाहण्यासारखे आहे. समजा, कमांडच्या तक्त्यातील उदाहरणाच्या शेवटच्या स्तंभात ‘लॉग वाच, पाइप, शेवटच्या दहा ओळी दाखव’ अशी कमांड लिहिली. गिटहबच्या नियमांनुसार तो पाइप कोडच्या खुणांमध्ये असला तरी सेल तिथेच तुटतो, आणि शीर्षओळीपेक्षा जास्त झालेले सेल गुपचूप गाळले जातात. त्रुटीचा संदेश येत नाही आणि पानही बिघडलेले दिसत नाही. फक्त कमांडचा उत्तरार्ध नाहीसा होतो आणि वाचक अर्धी कमांड चालवतो. उपाय म्हणजे पाइपच्या आधी उलटी तिरकी रेघ देणे. याउलट, शीर्षओळ आणि विभाजक ओळ यांतील सेलची संख्या जुळली नाही तर तो तक्ता म्हणून ओळखलाच जात नाही. ही चूक निदान डोळ्यांना दिसते.

पायथनच्या जगात रुळलेल्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मांडणीच्या पद्धतीत अधिक आणि उणे चिन्हांनी आखलेला ग्रिड तक्ता असतो, त्यात हीच रुंदीची अडचण आणखी कडक होते, कारण तिथे रेघ चुकली तर तक्ता बनतच नाही. यादीच्या रूपात तक्ता लिहिण्याचा लिस्ट-टेबल हा पर्याय त्यावर उतारा आहे. प्रत्येक सेल स्वतंत्र ओळीवर येतो, त्यामुळे डिफ स्वच्छ राहते. तरीही लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांची मार्गदर्शिका सबळ कारण नसेल तर लिस्ट-टेबल टाळायला सांगते, कारण कर्नलचे बरेच वाचक या फाइली साध्या मजकुराच्या रूपातच उघडतात आणि त्यांना त्या यादीतून तक्ता उभा करता येत नाही. आपले वाचक मूळ फाइल वाचतात की तयार पान, यावर हा निर्णय ठरतो.

मोठे आणि सतत बदलणारे तक्ते हाताने लिहूच नयेत. पॅरामीटरची नावे व डीफॉल्ट मूल्ये कोडमध्ये असतातच. तिथून एखाद्या छोट्या स्क्रिप्टने सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी विभागलेला मजकूर) काढावी आणि ती स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या साधनात सीएसव्ही-टेबलने किंवा अॅस्कीडॉक या मांडणीपद्धतीत सीएसव्ही स्वरूपाच्या तक्त्यात ओढून घ्यावी. वर्णन माणसाने लिहावे, आकडे माणसाने उतरवू नयेत.

रुंद तक्ते

पाच स्तंभांच्या पुढे तक्ता गेला की मोबाइलवर आणि पीडीएफमध्ये त्याची दशा होते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या दस्तऐवजांतील बदल या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. १२ व्या आवृत्तीपर्यंत स्ट्रिंगच्या फंक्शनांच्या तक्त्यात फंक्शन, परतीचा प्रकार, वर्णन, उदाहरण आणि निकाल असे पाच स्तंभ होते, आणि लांब वर्णनाला एखाद्या चिंचोळ्या बोळातून जावे लागत असे. २०२० च्या १३ व्या आवृत्तीत हे तक्ते नव्याने मांडले गेले: आता प्रत्येक फंक्शनसाठी एकच रुंद सेल असतो, त्यात पहिल्या ओळीवर फंक्शनचे रूप व परतीचा प्रकार, खाली वर्णन आणि त्याखाली उदाहरण व बाणापुढे त्याचा निकाल. फंक्शनांच्या आणि ऑपरेटरांच्या तक्त्यांना हाच साचा लावला गेला. कडक अर्थाने तो आता तक्ता कमी आणि नोंदींची यादी जास्त आहे. रुंदी आवरण्यासाठी सेल एकमेकांत मिसळण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो. मिसळलेले सेल स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला गोंधळात टाकतात आणि पाइपच्या मार्कडाउनमध्ये ते लिहिताही येत नाहीत.

तपासणी आणि जुन्या तक्त्यांची दुरुस्ती

नियम ठरले की त्यांतले जेवढे यंत्राला देता येतील तेवढे द्यावेत. मार्कडाउनलिंट या तपासणीच्या साधनात एमडी ०५५ हा नियम पाइपची शैली पाहतो, एमडी ०५६ प्रत्येक ओळीतील सेलची संख्या मोजतो, एमडी ०५८ तक्त्याभोवतीच्या रिकाम्या ओळी तपासतो, आणि नव्या आवृत्त्यांत आलेला एमडी ०६० मांडणी आटोपशीर आहे की संरेखित ते पाहतो. ओळीच्या लांबीवर मर्यादा घालणाऱ्या एमडी ०१३ मधून तक्ते वगळावेत, नाही तर लेखक मर्यादेसाठी वर्णने कापू लागतात. ठरलेल्या शीर्षकांची यादी तपासणारी स्क्रिप्ट मात्र स्वतः लिहावी लागते. सुरुवातीला शीर्षओळी गोळा करणारी जी आज्ञा वापरली, तिच्यावरच ती उभी राहते. या तपासण्या पुल रिक्वेस्टच्या वेळी आपोआप चालाव्यात. पाइपांवरून सहकाऱ्याला टिप्पण्या लिहिण्यात संबंध बिघडतात; तेच यंत्राने सांगितले की कोणाला राग येत नाही.

जुन्या तक्त्यांची दुरुस्ती दोन वेगळ्या कमिटांत (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांत) करावी. पहिल्या कमिटमध्ये केवळ मांडणी बदलावी, एकाही अक्षराला हात लावू नये, आणि तयार पान आधी होते तसेच दिसते आहे याची खात्री करावी. एककांचे, रिकाम्या सेलचे आणि शीर्षकांचे बदल दुसऱ्या कमिटमध्ये, शक्यतो एकेका प्रकारच्या तक्त्यासाठी वेगळे करावेत, कारण त्यांतले प्रत्येक मूल्य कोणा जाणकाराला विचारून पक्के करावे लागते. मांडणीच्या कमिटमुळे गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेत) प्रत्येक ओळीपुढे आपलेच नाव दिसू लागते, त्यावरही सोय आहे: गिटच्या २.२३ व्या आवृत्तीपासून ब्लेमला ठरावीक कमिट वगळायला सांगता येतात. त्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) ‘डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ या नावाच्या फाइलमध्ये लिहून ती रेपॉझिटरीच्या मुळाशी ठेवावी. गिटहबचे ब्लेमचे पान ही फाइल आपणहून वाचते. आपल्या संगणकावर मात्र प्रत्येकाने गिटच्या सेटिंगमध्ये तिचे नाव एकदा द्यावे लागते, आणि ती आज्ञा सहभागी होणाऱ्यांसाठीच्या पानावर लिहून ठेवली नाही तर नवा माणूस हमखास आपल्यालाच विचारायला येतो.